डॉक्युमेंटरी करायची आहे, नोकरी सोडू का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा समज चुकत असेल तर लगेच कळेल. तुम्ही एकतीस वर्षांच्या आहात आणि सात वर्षं एका वृत्तवाहिनीत व्हिडिओ एडिटर आहात. तुमच्या परिचयाच्या एक निवृत्त परिचारिका आहेत. ज्यांचे शेवटचे दिवस चालू आहेत आणि ज्यांच्याजवळ रात्री थांबायला कुणी नाही, अशा माणसांच्या उशाशी त्या रात्रभर बसतात. त्यांच्यावर तुम्हाला डॉक्युमेंटरी करायची आहे. नोकरी सोडावी का, कॅमेरा कोणता घ्यावा आणि या कामावर आयुष्यभर पोट भरतं का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. आणि शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ आहे: "सिस्टर तयार आहेत, पण पेशंटचं काय करायचं कळत नाही."

मी डॉक्युमेंटरी करण्याचं काम बावीस वर्षं करते आहे. मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे, आणि नोकरीच्या प्रश्नाचं उत्तरही तिथूनच निघतं. त्या पेशंटच्या खोलीत कॅमेरा न्यायचा हक्क मिळवायला वेळ लागतो. तो वेळ परवडेल असं आयुष्य लावून घ्यायचं, एवढंच या धंद्यातलं करिअर. बाकी सगळं शिकता येतं.

काही गोष्टी मी सांगू शकत नाही. तुमच्यावर किती जण अवलंबून आहेत, शिल्लक किती, घरच्यांचा पाठिंबा किती, सिस्टरांची तब्येत कशी आहे, यावर बरंच ठरतं. रुग्णांच्या चित्रीकरणाचे कायदेही देशोदेशी वेगळे असतात, तेव्हा तो भाग स्थानिक वकिलाकडूनच तपासून घ्या. मी माझा अनुभव आणि त्यामागचा विचार सांगते.

आधी नोकरी. आत्ता सोडू नका. पहिल्या वर्षात तुम्हाला शूटिंगचे दिवस फार कमी मिळणार आहेत, आणि त्यासाठी पगार सोडणं म्हणजे न लागलेल्या भुकेसाठी धान्य संपवणं. माझी दुसरी फिल्म एका जुन्या छापखान्यातल्या जुळारी काकांवर होती, शिशाचे खिळे हाताने जुळवणारे. त्या फिल्मच्या पहिल्या वर्षात मी एकोणीस दिवस शूट केलं. उरलेलं वर्ष इतरांची कामं करण्यात, त्यांच्याकडे नुसतं जाऊन बसण्यात आणि अर्ज लिहिण्यात गेलं. तुमच्या बाबतीत तर काम रात्रीचं आहे. दिवसपाळी मागून घ्या. महिन्यातून चार रात्री आणि त्यानंतरच्या चार सकाळी मोकळ्या मिळाल्या तरी पहिलं वर्ष निघतं. पुढे निधी मिळाला, किंवा एडिटला बसायची वेळ आली, की मग बिनपगारी रजा किंवा राजीनामा.

पोटाचं काम आणि फिल्म यांचं नातं या माध्यमाइतकंच जुनं आहे. रॉबर्ट फ्लाहर्टी मूळचा खनिजं शोधणारा माणूस. कॅनडाच्या उत्तरेकडच्या मोहिमांवर जाताना त्याने कॅमेरा सोबत घेतला, तो नोकरीच्या निमित्ताने. १९१६ मध्ये त्याच्या हातातली सिगारेट पडून सुमारे तीस हजार फूट निगेटिव्ह जळालं. पुन्हा शूट करायला पैसा मिळेपर्यंत काही वर्षं गेली, आणि शेवटी तो दिला रेव्हिलॉन फ्रेर नावाच्या फरच्या व्यापारातल्या फ्रेंच कंपनीने. १९२२ मध्ये 'नानूक ऑफ द नॉर्थ' ही त्याची गाजलेली डॉक्युमेंटरी पडद्यावर आली. अमेरिकन डॉक्युमेंटरी दिग्दर्शक एरॉल मॉरिसला दोन फिल्म करूनही पुढच्या फिल्मसाठी पैसे मिळेनात, तेव्हा त्याने खाजगी गुप्तहेर म्हणून नोकरी केली. त्यानंतरच्या फिल्ममध्ये एका खुनाच्या खटल्यातले साक्षीदार त्याने ज्या चिकाटीने गाठले, त्यामागे ती नोकरी होती असं मला कायम वाटत आलं आहे. पोटासाठी केलेलं काम वाया जातंच असं नाही. फक्त ते असं निवडा की ते संपल्यावर डोकं शिल्लक राहील. मी स्वतः संस्थांसाठी छोट्या फिल्म करते, दुसऱ्यांच्या फिल्म एडिट करते आणि वर्षातले काही आठवडे शिकवते. जाहिराती दोन वर्षं केल्या आणि सोडल्या, कारण त्या दिवसांनंतर चार दिवस मला कुणाचं काही ऐकून घेण्याची शक्ती उरत नसे.

पैसा कुठून येतो, हे नीट समजून घ्या. डॉक्युमेंटरीला एकरकमी पैसा सहसा मिळत नाही, तो टप्प्याटप्प्याने येतो. विषयाची तयारी आणि पहिलं थोडं शूट यासाठी एक छोटी ग्रँट, मग निर्मितीसाठी मोठी, मग एडिट आणि साउंड पूर्ण करायला तिसरी. अधेमधे एखादी वाहिनी फिल्म तयार होण्याआधीच प्रसारणाचे हक्क घेते. आणि फिल्म झाल्यावर महाविद्यालयं, ग्रंथालयं, संस्था प्रदर्शनाचं शुल्क देतात, ते हळूहळू पण बरीच वर्षं येत राहतं. निर्मितीच्या ग्रँटसाठी बहुतेक ठिकाणी लेखी मांडणी, बजेट आणि काही मिनिटांचा टीझर लागतो. म्हणजे टीझरसाठीचं शूट पदरमोड करूनच होतं. ती पदरमोड किती करायची याचा आकडा आजच ठरवून एका कागदावर लिहा, आणि तो ओलांडायची वेळ आली तर थांबा. मी पहिल्या फिल्मला हे केलं नाही, आणि ती उसनवारी फेडायला मला सहा वर्षं लागली.

बजेटमध्ये स्वतःचं मानधन लिहा. नवी माणसं ती ओळ रिकामी सोडतात, लाजतात. निधी देणारे ती रिकामी ओळ पाहून खूश होत नाहीत. हिला तीन वर्षं जगवणार कोण, असं त्यांच्या मनात येतं.

आता वेळ. 'हूप ड्रीम्स' नावाची बास्केटबॉल खेळणाऱ्या दोन मुलांवरची फिल्म तीस मिनिटांची करायची म्हणून सुरू झाली होती. शूटिंग सुमारे पाच वर्षं चाललं, अडीचशे तासांच्या आसपास फुटेज जमलं आणि १९९४ मध्ये बाहेर आली ती जवळपास तीन तासांची फिल्म. सगळ्या फिल्मना एवढं लागत नाही. पण तुमच्या विषयाला शेवट नाही, कारण सिस्टरांची रात्र रोज नवी आहे. फिल्म संपली हे सांगणारी घटना आपोआप घडणार नाही. त्यामुळे तीन वर्षं धरून चला. तुम्ही बातम्यांतून येता म्हणून एडिटबद्दल मुद्दाम सांगते. आमच्याकडे एक ठोकताळा आहे: तयार फिल्मच्या दर दहा मिनिटांमागे एडिटचा एक महिना. ऐंशी मिनिटांची फिल्म म्हणजे आठ महिने. तासाभरात दोन मिनिटांची बातमी बांधणाऱ्या माणसाला हे अतोनात वाटतं. शिवाय तुमचा हात सात वर्षं पॉझ कापायला शिकला आहे. माणूस बोलायचा थांबला की तुमचं बोट आपोआप कटच्या बटणावर जात असणार. तुमच्या विषयात तर माणसं बोलायची थांबतात तिथेच खरं काही घडतं. म्हणून एडिटला दुसरी व्यक्ती घ्या, असा माझा आग्रह आहे. तुम्हाला एडिट येतं, तरीही.

तो छापखान्याचा प्रसंग इथेच सांगते, कारण नोकरी आणि फिल्म यांची टक्कर काय असते ते त्यातून दिसेल. साडेतीन वर्षं मी त्या काकांकडे जात होते. मालकाने छापखाना बंद करायचं ठरवलं, यंत्र भंगारात जाणार होतं, तारीख ठरली होती. फिल्मचा शेवट तोच असणार हे मला माहीत होतं. त्या तारखेच्या तीन दिवस आधी, मी दुसऱ्या शहरात एका कंपनीच्या फिल्मचं शूट करत असताना काकांचा फोन आला. "गाडी आलीय. आजच नेतायत." मी निघू शकले नाही. माझ्या शब्दावर तिथे बारा माणसं उभी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले तेव्हा खोली रिकामी होती. जमिनीवर यंत्राच्या आकाराचा तेलकट काळा चौकोन आणि चार कोपऱ्यांत बोल्टची भोकं. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की यंत्र अजून भंगारवाल्याकडे अख्खं आहे, त्याला सांगून ते पुन्हा गाडीत चढवतानाचा शॉट घेता येईल. मी फोन हातात घेतलाही होता. तेवढ्यात काकांनी पलीकडच्या खिडकीतून काहीतरी आणायला पाऊल टाकलं, आणि माझ्या लक्षात आलं की ते चौकोन ओलांडून जात नाहीयेत. वळसा घालून गेले. परत येतानाही वळसा घालून आले. यंत्र तिथे होतं तेव्हा त्याच्या आणि भिंतीच्या मधून जशी अंग चोरून वाट काढावी लागायची, तसेच किंचित आडवे होऊन चालत होते. मी कॅमेरा लावला आणि त्यांना म्हटलं, काल काय काय झालं ते सांगा. ते सांगत राहिले, चालत राहिले, आणि चार मिनिटांत एकदाही त्यांचा पाय त्या काळ्या चौकोनावर पडला नाही. फिल्मचा शेवट तोच आहे.

शूट करता न आलेल्या गोष्टीचं काय करायचं, हा प्रश्न तुम्हालाही पडणार आहे. फ्लाहर्टीने बर्फाच्या घरातलं दृश्य घेता यावं म्हणून एक बाजू उघडी असलेलं घर बांधून घेतलं, कारण आत कॅमेऱ्याला पुरेल एवढा उजेड नव्हता. क्लोद लान्झमानने ज्यूंच्या नरसंहारावरच्या 'शोआ' या फिल्मसाठी अकराएक वर्षं दिली. १९८५ मध्ये आलेल्या त्या नऊ तासांहून लांब फिल्ममध्ये त्याने जुनं फुटेज अजिबात वापरलं नाही. आजची जागा, आजचा चेहरा, आजचं बोलणं. मी दुसऱ्या वाटेची आहे. पण त्या दिवशी मी जवळजवळ पहिल्या वाटेने गेले होते, हे मी विसरत नाही. आणि एक व्यावहारिक बदलही केला. आता प्रत्येक फिल्मसाठी मी सुरुवातीपासून आणखी एका कॅमेरा करणाऱ्या व्यक्तीला सोबत नेते, ओळख करून देते, दोन-तीनदा तिच्याकडूनच शूट करवून घेते. मी नसताना फोन आला तर ती जाते, आणि समोरच्याला ती परकी वाटत नाही. तुमच्या विषयात हे आजच करा. सिस्टर तुम्हाला बोलावतील त्या रात्री तुमची बातमीही ब्रेक होत असेल.

कॅमेऱ्याचं थोडक्यात उरकते. फ्रेंच दिग्दर्शिका आन्येस वार्दा सत्तरीत असताना तिने 'द ग्लीनर्स अँड आय' हातात मावणाऱ्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने शूट केली, आणि ती फिल्म २००० सालापासून आजतागायत शिकवली जाते. तुम्हाला कमी उजेडात चालणारा, लहान आणि आवाज न करणारा कॅमेरा हवा. काही कॅमेऱ्यांचा पंखा शांत खोलीत ऐकू येतो, तो घेऊ नका. अशा खोलीत वेगळा लाइट लावायचा नाही, हे ठरवूनच टाका. तिथे असेल तो दिवा. म्हणून भाड्याने दोन-तीन कॅमेरे आणून घरी एका मंद दिव्यात रात्रभर चाचणी घ्या, मग विकत घ्यायचं ठरवा. खरा खर्च आवाजावर करा. चांगला रेकॉर्डर, सिस्टरांच्या कपड्यांना लागेल असा लेपल माइक आणि कानाला घट्ट बसणारे हेडफोन. प्रत्येक खोलीचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, किमान एक मिनिट घ्या. तुमच्या फिल्ममध्ये शांतता भरपूर असणार, आणि प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. ती एडिटमध्ये बनवता येत नाही. फुटेजच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. तुम्ही एडिटर आहात, हे मी अधिक सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. पेशंटचं काय?

सिस्टर तयार आहेत, चांगलं आहे. पण त्या खोलीत सिस्टर पाहुण्या आहेत. ती खोली पेशंटची आहे. संस्थेची परवानगी, सिस्टरांची परवानगी, नातेवाइकांची परवानगी आणि पेशंटची संमती या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीने दुसरीची जागा भरत नाही. हे न पाळल्याने काय होतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण फ्रेडरिक वाइजमनच्या पहिल्या फिल्मचं, 'टिटिकट फॉलीज'चं. वाइजमन स्वतः आधी कायदा शिकवणारा प्राध्यापक. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मनोरुग्ण कैद्यांना ठेवत त्या संस्थेत त्याने अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन १९६६ मध्ये शूट केलं. पण फिल्म तयार झाल्यावर राज्य सरकारच कोर्टात गेलं. आत असलेली माणसं खरोखर संमती देण्याच्या स्थितीत होती का, त्यांच्या खाजगीपणाचं काय, हा वाद झाला आणि सामान्य प्रेक्षकांना ती दाखवायला १९९१ पर्यंत मनाई राहिली. त्या संस्थेतली भयानक परिस्थिती जगाला दिसायला हवी होती, असंच मला वाटतं. पण कॅमेऱ्यासमोर उघडा उभा केलेला माणूस "नको" म्हणू शकत होता का, हा प्रश्न मला त्याहून कमी महत्त्वाचा वाटत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि अशा दोन खऱ्यांच्या मधेच आपल्याला काम करायचं असतं. त्याच वाइजमनने पुढे १९८९ मध्ये बोस्टनच्या एका अतिदक्षता विभागावर जवळपास सहा तासांची फिल्म केली. मरणाजवळच्या माणसांवर फिल्म करताच येत नाही असं नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

मी दीर्घकाळ आजारी माणसांच्या एका वॉर्डात दीड वर्ष शूट केलं आहे. तिथे बनवलेले नियम अजून पाळते. संमती तीनदा विचारते. पहिल्यांदा कॅमेरा नसताना, शक्यतो दिवसा, आणि उत्तर लगेच मागत नाही. दुसऱ्यांदा कॅमेरा चालू करून, त्यांच्याच तोंडून. तिसऱ्यांदा, काय शूट झालं ते छोट्या स्क्रीनवर दाखवून. तिसऱ्या वेळी नाही म्हटलं तर ते फुटेज त्यांच्यासमोर पुसते. रात्री अडीचला मिळालेला होकार मी होकार मानत नाही, सकाळी पुन्हा विचारते. वेदनाशामक औषध दिल्यानंतरच्या काही तासांतला होकारही नाही. ते तास किती, हे तिथल्या डॉक्टरांना विचारून घेते.

ज्यांची शुद्ध येते-जाते, त्यांना मी चेहऱ्याने दाखवत नाही. नातेवाईक हो म्हणाले तरी नाही. इथे माझ्या काही सहकाऱ्यांचं मत वेगळं आहे. घरच्यांना ते आठवण म्हणून हवं असतं, आणि त्यांचा हक्क मोठा आहे, असं ते म्हणतात. मला ते पटत नाही, पण तुमचा नियम तुम्हीच ठरवा आणि पहिल्या रात्रीच्या आधी ठरवा. त्या खोलीत बसल्यावर ठरवता येत नाही, तिथे समोरचं दृश्य आपल्याला ओढत असतं. आवाजाचाही विचार करा. शेवटच्या दिवसांतला श्वास ओळखीच्या माणसाला चेहऱ्याइतकाच ओळखू येतो.

आणखी एक गोष्ट. संमती दिलेली व्यक्ती गेल्यावर ती मागे कोण घेणार? हा प्रश्न पेशंटला विचारायला संकोच वाटतो, पण मी विचारते: "तुमच्या मागे या चित्रीकरणाबद्दल मी कुणाचं ऐकायचं?" बहुतेक जण विचार करून एक नाव सांगतात, आणि ते सख्ख्या नातेवाइकाचं असतंच असं नाही. एका बाईंनी शेजारणीचं नाव दिलं होतं. ते नाव संमतीपत्रात लिहा. पिक्चर लॉक होण्याआधी, म्हणजे दृश्यांचं एडिट कायमचं ठरण्याआधी, त्या व्यक्तीला तो भाग दाखवा.

सिस्टरांशीही लेखी करार करा, ओळखीच्या असल्या तरी. फुटेज कुठे वापरणार, कुठे नाही, फिल्म कुणाला विकणार, त्यांना आधी कधी दाखवणार. आणि त्यांच्या आयुष्याच्या कथेचे हक्क त्यांच्याकडेच राहतील, हे स्पष्ट लिहा. मघाशी मॉरिसच्या फिल्मबद्दल लिहिलं. त्या 'द थिन ब्लू लाइन'मुळे रँडल अ‍ॅडम्स या खुनाच्या आरोपाखाली बारा वर्षं तुरुंगात असलेल्या माणसाची १९८९ मध्ये सुटका व्हायला मोठी मदत झाली. आणि सुटल्यावर त्याच माणसाचा आणि मॉरिसचा त्याच्या कथेच्या हक्कांवरून कायदेशीर वाद झाला. तो पुढे मिटला. ज्याच्यासाठी एवढं केलं त्याच्याशी वाद होतो, यात वाईट माणूस कुणीच असावा लागत नाही. कागदावर नसलेली गोष्ट दोघांनी दोन प्रकारे लक्षात ठेवलेली असते.

करार असला तरी माणसाला नंतर नको वाटू शकतं, हेही मनात असू द्या. ब्रिटनमधली 'अप' मालिका १९६४ मध्ये सात वर्षांच्या चौदा मुलांपासून सुरू झाली आणि दर सात वर्षांनी त्यांच्याकडे परत जात २०१९ पर्यंत तरी चालत राहिली. मधे काही जण बाहेर पडले. त्यातला एक मोठेपणी स्वतः डॉक्युमेंटरीच्या क्षेत्रात गेला, आणि एकविसाव्या वर्षीच्या भागानंतर तो कधीच कॅमेऱ्यासमोर आला नाही. आपलं काम आतून ओळखणाऱ्या माणसाने ते स्वतःवर करू द्यायला नकार दिला. मी दर नव्या फिल्मच्या आधी त्याची आठवण काढते.

पैसे द्यावेत का, असं तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. प्रसंगाचे पैसे मी देत नाही, कारण मग पुढचा प्रसंग पैशासाठी घडायला लागतो. प्रवास, बुडालेली मजुरी, मुलं सांभाळायचा खर्च देते, आणि फिल्म विकली गेली तर त्यातला ठरलेला वाटा देते. तेही करारात.

करिअरबद्दल थोडं राहिलं. फिल्म महोत्सवांबद्दल आत्ता डोकं शिणवू नका. अ‍ॅमस्टरडॅमचा इडफा, टोरांटोचा हॉट डॉक्स, जपानमधला यामागाता ही नावं ऐकून ठेवा आणि एवढं लक्षात असू द्या की मोठे महोत्सव बहुधा पहिलं प्रदर्शन आपल्याकडे व्हावं असा आग्रह धरतात. म्हणून घाईघाईत कुठेही दाखवून टाकू नका, इंटरनेटवर तर नाहीच. तिथल्या पिचिंगमध्ये पाच-सात मिनिटांत फिल्म सांगावी लागते. त्याची तयारी वर्षभराने.

मनाचं मात्र आजपासून बघा. तुम्ही गेलेल्या माणसांचे आवाज महिनोन् महिने हेडफोनमध्ये ऐकणार आहात. वॉर्डाच्या फिल्मचं एडिट चालू असताना एका आजोबांचं "दिवा राहू दे" हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा ऐकत होते. ते जाऊन पाच महिने झाले होते. मला झोप येईना. मी थांबले नाही, थांबायला हवं होतं. आता मी लॉगिंग, म्हणजे फुटेज पाहून-ऐकून नोंदी करणं, रात्री करत नाही आणि एकटीने करत नाही. आठवड्यातून एकदा, फिल्मशी संबंध नसलेल्या एका समुपदेशक बाईंशी बोलते, आणि तो खर्च बजेटमध्ये लिहिते. निधी देणाऱ्यांनी त्या ओळीवर आजवर एकदाही प्रश्न विचारलेला नाही. या कामातून बाहेर पडलेले माझे बरेच मित्र हुशार होते. कुणी कर्जाने गेलं, कुणी थकव्याने, आणि बहुतेकांच्या बाबतीत थकवा आधी आला होता, कर्ज नंतर.

पोट भरतं का? माझं भरलं. फिल्मच्या पैशावर फक्त काही वर्षं, बाकी वर्षं एडिट आणि शिकवण्यावर. घर चाललं, चैन झाली नाही. तुमच्या हातात एडिटचं कौशल्य आहे, त्यामुळे तुमची सुरुवात माझ्यापेक्षा भक्कम आहे.

सुरुवात अशी करा. पुढच्या महिन्यात सिस्टरांसोबत चार रात्री बसा. कॅमेरा नाही, रेकॉर्डर नाही, फोनसुद्धा बाहेर. तुम्ही कोण आहात आणि पुढे काय करायचा विचार आहे, ते पेशंटला आणि घरच्यांना पहिल्याच रात्री सांगा. सकाळी घरी गेल्यावर झोपायच्या आधी लिहून काढा: खुर्ची कुठे होती, दिवा कुठला होता, सिस्टर किती वेळा उठल्या, हात कधी धरला आणि कधी सोडला, निघताना दारात काय बोलल्या. चार रात्रींनंतर ते कागद वाचा. त्या खोलीत कॅमेरा न्यावासा वाटत नाही असं तुमच्या लक्षात आलं, तरी फिल्म बुडत नाही. सिस्टर रात्री घरातून निघतात, कुणाच्या तरी दाराशी पोचून बेल न वाजवता हलकेच टकटक करतात, दार बंद होतं. सकाळी तेच दार उघडतं आणि त्या बाहेर येतात. मग तुम्ही त्यांच्यासोबत चालत घरापर्यंत जाता, आणि वाटेत त्या जे सांगतात, किंवा सांगत नाहीत, ते घेता. त्या फिल्मला पेशंटचा चेहरा लागत नाही.